मर्यादा साडेसातशे एमबी

उघड्या फाइल्स अकरा. कॉम्प्युटर सलग चालू, एकोणीस दिवस. प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरला घालून दिलेली मेमरीची मर्यादा साडेसातशे एमबी; त्यातली सातशे एकेचाळीस वापरात. कर्सर एका अर्धवट ओळीशी लुकलुकत होता.

"म्हणजे त्या दिवशी तो उठला, तेव्हापासून हे असंच आहे?" त्याच्या वडिलांनी ऑफिसातल्या मुलीला विचारलं.

"हो काका. कुणी बंद केलं नाही."

त्या दुपारी तो चहाला म्हणून उठला आणि जिन्यातच कोसळला; पुन्हा उठलाच नाही. आजपासून त्याचं काम तिच्याकडे होतं. प्रोग्रॅम लिहायचं त्याचं सॉफ्टवेअर रडतखडत चालायचं. त्याला आधी वेग दे, असं तिला सांगितलं होतं. वडील मुलाच्या वस्तू न्यायला आले होते. पिशवी भरून झाली तरी त्यांचा पाय निघत नव्हता.

"दिवसभर इथे करायचा तरी काय गं तो?"

ते दाखवायला तिने अनडूची कळ दाबली. शेवटची ओळ नाहीशी झाली. पुन्हा दाबली, त्याने खोडलेला एक शब्द परत आला. तो कुठे चुकला, कुठे अडला, सगळं उलट्या क्रमाने दिसू लागलं. त्रेपन्नाव्या वेळी एक ओळ उगवली. लिहून लगेच पुसलेली. 'चाल गं बाई, चाल एकदाची!'

वडील हसले. "हे त्याच्या आईचं. शिलाई मशीन अडलं की असंच म्हणते. घरी साहेबांच्या तोंडून चार शब्द निघायची मारामार, आणि इथे यंत्राशी गप्पा!" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अजून मागे ने."

पुढच्या कळीला नऊ सेकंद लागले. त्यापुढच्या कळीला चाळीस. मग पडदा गोठला. मेमरी संपली होती.

"मग वाढव की मर्यादा."

"सकाळीच वाढवलीय, काका. चार हजार केलीय. पण ती लागू व्हायला हे बंद करून पुन्हा उघडावं लागतं."

"मग उघड."

"त्याचं काम मी जपून ठेवलंय, ते कुठे जात नाही. पण हे मागे जाणं पुन्हा मिळणार नाही. बंद केलं की पुसलं जातं."

दोघं पडद्याकडे बघत बसले. पंचवीस मिनिटं झाली. कर्सर लुकलुकायचाही थांबला होता.

"तुझं काम खोळंबलंय, पोरी. कर बंद."

"अजून थोडं थांबू या ना."

"नको. घरी जाऊन त्याच्या आईला सांगायला एक ओळ मिळाली."

तिने बंद केलं. पुन्हा उघडताना सवयीने वेळ मोजली. जुन्या नोंदीप्रमाणे आधी उघडायला एक मिनिट बारा सेकंद लागायचे. आता चौदा सेकंद लागले.