कोरडा दिवस

लोटनच्या मुलीला, रोशनीला डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवलं, हे कळताच आरोग्यसेविका प्रतिभा तडक त्याच्या घरी आली. अंगणातल्या पाण्याच्या ड्रमचं झाकण तिनं उचललं, तर आत अळ्या वळवळत होत्या. ती लोटनच्या आईवर कडाडली, "दगूबाई, दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा, म्हणून गावभर ओरडत फिरले मी. कानात बोळे घातले होते का?"

"पाळतस ना, ताई!" दगूबाई फणकारली. "तुम्ही सांगं तवयपाईन शुक्रवारले लोटन एक थेंब तोंडले लावस नही. दारूनी बाटली मी सोता कोठीमांगे दपाडी ठेवस."

झाकण प्रतिभाच्या हातातच राहिलं. ड्रम, माठ, हौद रिकामे करून सुकवा, एवढंच सांगायचं होतं. ती याच गावात वाढलेली, घरी अहिराणीच बोलायची; भोंग्यावर मात्र कार्यालयातून आलेलं वाक्य जसंच्या तसं वाचत गेली होती.

ओट्यावर मान खाली घालून बसलेला लोटन हळूच म्हणाला, "एक शुक्रवार मन्हाकडून चुकना, ताई. तेन्हामुयेच मन्ही पोरले ताप उना का?"