जोडीदारानं सांगायचं

"एक क्लॅरिनेट सुटतंय," दादासाहेब मास्तर म्हणाले आणि त्यांनी छडी खाली ठेवली. "सव्वीस जानेवारी तोंडावर आली. इंदापुरात सगळ्या तालुक्यासमोर वाजवायचंय."

शेळगावच्या शाळेच्या व्हरांड्यात चौदा माणसांनी वाद्यं खाली घेतली. बँडात क्लॅरिनेट होती दोनच. एक गेणूतात्यांचं, दुसरं निरवांगीच्या संभाजीरावांचं.

"रीत सगळ्यांना ठाऊक हाय," मास्तर म्हणाले. "मी नाव घेनार न्हाय."

रीत अशी, की हौशी बँडातल्या माणसाला चारचौघांत थांब म्हणायचं नाही. ऊस, डाळिंब सांभाळून पन्नाशीत वाजवायला शिकलेली माणसं ही. त्यांचा पाणउतारा कसला करायचा? शेजारी बसणाऱ्या जोडीदारानं शाल-नारळ घेऊन त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि हळूच सांगायचं. गेल्या वर्षी ट्रंपेटवाल्या विजयसिंहांचे दात काढले, तेव्हा त्यांचा जोडीदार रणजित असाच गेला होता. विजयसिंह रडले, पण आपल्या घरात रडले.

गेणूतात्यांनी सुस्कारा टाकला. त्यांना कळून चुकलं होतं. वर्षभर संभाजीरावांचा सूर बारीक होत चालला होता. एके काळी शेजारी खणखणीत वाजणारं क्लॅरिनेट आता लांबच्या मळ्यातून आल्यासारखं यायचं. छातीत दम राहिला नाही गड्याच्या, दुसरं काय! तात्यांनी आपली फुंक वाढवून दोघांचं भागवून नेलं होतं. पण किती दिवस नेणार?

सराव सुटल्यावर मास्तर संभाजीरावांना लिंबाखाली घेऊन गेले. काहीतरी बोलणं झालं. संभाजीरावांचा चेहरा पडला. बिचाऱ्याला इशारा दिला असणार, असं तात्यांना वाटलं.

अकरा वर्षांची जोडी. बँड नसता तर दोघांची रामरामापलीकडं ओळखही झाली नसती. प्रत्येक गाण्याला सुरुवात करताना संभाजीराव तात्यांच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवायचे. हल्ली तर गाण्याच्या मधेही वाजवायचे. खोडच लागली होती त्यांना.

आणि तात्यांना तर बँडानं दुसरा जन्मच दिला होता. एरवी घरात त्यांना विचारतंय कोण? पोरगा सुयोग शेजारी बसून मोबाइलवर लिहून दाखवायचा, तोंडानं बोलायला जड जात होतं जणू. पण रविवारी लाल कोट चढवला, चौदा जणांनी एकदम श्वास घेतला, की तात्यांच्या अंगावर काटा यायचा. आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. त्या एका सकाळवर त्यांचा आठवडा निघायचा. ती सकाळ गेली तर? म्हणून तर संभाजीरावांची कीव येत होती.

"अवो, चहा!" त्यांची बायको फुलाबाई कडाडल्या. तात्या दचकले. ही बाई हल्ली साधं बोलायचं विसरलीच होती.

बुधवारी संभाजीराव आपणहून आले. हातात कापडी पिशवी. पेरू आणले असतील, तात्यांनी ताडलं. हा माणूस रिकाम्या हाती कधी आला नव्हता. संभाजीरावांनी पिशवी बाकाखाली सारली. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"तात्या," ते म्हणाले, "सव्वीस जानेवारीचं जरा बोलायचं व्हतं."

तात्यांना राहवलं नाही. मित्राच्या तोंडून त्याचीच फजिती कशाला वदवून घ्यायची?

"तुमी कायबी बोलू नका, संभाजीराव. मीच सांगतो. वाईट वाटून घिऊ नका, पर तुमी आता थांबा. दम पुरत न्हाय तुमचा. लोकं हसायच्या आत थांबल्यालं बरं."

संभाजीरावांनी कप खाली ठेवला.

"तुमाला तसं वाटतं?"

"वाटतं म्हंजी? मी शेजारी बसतो. मला न्हाय कळनार तर कुनाला?"

संभाजीरावांनी पिशवी पायानं आणखी आत सारली. मग त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवली.

"व्हय," ते मोठ्यानं म्हणाले. "माजाच दम गेलाय. थांबतो मी. तुमी वाजवा, तात्या. फकस्त मास्तरांच्या हाताकडं बघून वाजवत जा."

पिशवी उचलून ते उठले. पेरू द्यायचे विसरले. राग आला असणार, आणि येणारच की! फटफटी रस्त्याला लागली तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. तात्यांना पुढं दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी संभाजीरावांची खुर्ची रिकामी होती. सराव सुरू व्हायच्या आत तात्या मास्तरांपुढं जाऊन उभे राहिले.

"सांगितलं त्यांना, मास्तर. जिवावर आलं व्हतं, पर जोडीदाराचं काम केलं. समजूतदार मानूस, लगीच ऐकलं. आता शाल-नारळ द्या. मागाहून का हुईना, रीत ती रीत. आजच निरवांगीला पोचवून येतो."

मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनला?" तात्यांनी विचारलं.

रणजितनं मान खाली घातली. मास्तर पुढं झाले, तात्यांच्या कानाशी वाकले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"शाल-नारळ मी गेल्या रविवारीच संभाजीरावांकडं दिलाय, तात्या. तुमच्या घरी न्यायला."