घुमणारी गिटार

कारागिराने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि हात मागे घेतला. स्पीकरसमोर स्टँडवर गिटार गप्प उभी होती.

"बघा," तो म्हणाला, "आता हूं की चूं करत नाही."

समोर बसलेल्या बाई नुसत्या ऐकत होत्या. ऐकण्यासारखं काहीच नसताना त्या इतका वेळ ऐकत राहिल्या, की कारागिराला वाटलं, यांना कमी ऐकू येत असावं.

गिटार त्यांच्या मुलाने आणून दिली होती. तो दूर नोकरीला. सुट्टीत आला आणि जाता जाता हेही काम उरकून गेला. वडील गेले तेव्हापासून आई घरी एकटी असते, त्याने सांगितलं होतं. संध्याकाळी घरातून विचित्र घूं घूं ऐकू येतं म्हणून शेजारी कुरकुरतात. आईला बटणांतलं काही कळत नाही, काहीतरी चालू राहत असणार. एवढं बंद करून द्या, आई येऊन घेऊन जाईल.

कारागिराला रोग ओळखायला वेळ लागला नाही. या जातीच्या गिटारचं दुखणं तो उभा जन्म बघत आला होता. दिसायला देखणी. लालसर पॉलिश, रुंद अंग, छातीवर दोन्हीकडे वेलांटीसारखी एकेक चीर. आतून मात्र ती अर्धीच पोकळ. दोन्ही कुशी रिकाम्या आणि मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, भरीव लाकडाचा ठोकळा. पोकळीमुळे आवाजाला ऊब येते आणि ठोकळ्यामुळे तो ताब्यात राहतो. सगळीच पोकळ असती तर स्पीकरजवळ नेताच किंचाळली असती. सगळीच भरीव असती तर वीज गेल्यावर मुकी झाली असती. ही दोन्ही घरची पाहुणी, पण उपाशी नाही राहिली. फक्त आवाज फार वाढवला की हिचाही तोल सुटतो. स्पीकरचा आवाज पोकळीत शिरतो, तारा आपोआप थरथरतात, तेच पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतं आणि हे चक्र थांबता थांबत नाही. कारागिराने चिमट्याने चिरांमधून स्पंज आत सरकवला, दोन्ही कुशी ठासून भरल्या आणि आपली पाठ आपणच थोपटून घेतली. त्याच्या दुकानातून एकही गिटार घुमत बाहेर पडली नव्हती.

"म्हणजे आता ती वाजणारच नाही?" बाईंनी विचारलं.

"न वाजायला काय झालं, मावशी? वाजवली की वाजेल."

बाईंचा चेहरा उतरला. "वाजवणारं कोण आहे घरात?"

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. नवरा गेला तेव्हा त्याची ही गिटार आणि तिला वायरने जोडलेला स्पीकर, सगळं सामान बाहेरच्या खोलीत होतं तसंच राहिलं. एकदा विकून टाकू म्हणून, चालतंय का ते बघायला त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. थोड्या वेळाने स्टँडवरच्या गिटारची एक तार आपली आपण बोलू लागली. त्या घाबरून स्वयंपाकघराकडे वळल्या, तर सूर बदलला. परत आल्या, तर पुन्हा पहिला. दार उघडलं की तो खाली उतरायचा, कपाटापाशी गेलं की वर चढायचा. मग विकायचं राहूनच गेलं. रोज संध्याकाळी त्या बटण दाबत, घरभर हिंडत, आणि गिटार त्यांना ओ देई. दुसरं ओ देणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं.

मुलाला हे का सांगितलं नाही, असं कारागिराने विचारलं.

त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर गिटार राहिली बाजूला, त्याने मलाच दुरुस्तीला नेलं असतं.

कारागिराला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. त्याने चिमटा उचलला. आत जाताना शहाण्यासारखा गेलेला स्पंज बाहेर येताना फाटू लागला. काही तुकडे पार ठोकळ्याच्या कडेला अडकले होते. पहिल्यासारखी होईल ना, असं बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि त्याला छातीठोकपणे हो म्हणता येईना. घुमणारी गिटार गप्प करणं त्याच्या हातचा मळ होता. गप्प केलेली पुन्हा घुमवायचं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं.

शेवटचा तुकडा निघाल्यावर त्याने स्टँड उचलून स्पीकरच्या अगदी जवळ आणून ठेवला. एवढ्या जवळ असली की आवाज मोठा लागत नाही, भिंतीपलीकडे पत्ताही लागणार नाही, असं त्याने समजावलं. मग तो बटण थोडं थोडं फिरवत गेला. काहीच नाही. आणखी थोडं.

जाड तार आधी नुसती शहारली. मग खालून एक सूर वर आला, लांब, स्थिर, दुकानापुरता.

बाई उठल्या. टेबलाच्या कडेने दोन पावलं पुढे गेल्या. सूर किंचित सरकला. त्या मागे आल्या, तोही मागे आला. इतका वेळ आवळून धरलेला त्यांचा चेहरा सैल झाला.

कारागीर भलताच खूश झाला. स्टँड नेमका किती अंतरावर ठेवायचा हे दाखवायला तो लगबगीने पुढे होऊन स्पीकरच्या आणि गिटारच्या मध्ये वाकला, आणि सूर विझत चालला.

"भाऊ, जरा बाजूला व्हा," बाई हळूच म्हणाल्या. "आमचं बोलणं चाललंय."