पहिली सुपारी

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली, यात्रेला आठ दिवस उरले असताना, मारुतीच्या पारावर गावाचे हुतुतूचे गडी ठरत होते. खेळणारे सात आणि ठरवणारे सत्तर. धोतर सावरत दहा पावलं पळणं ज्यांना जमत नव्हतं, तेही पकड कशी घालावी ते सांगत होते. ठरवणारे पारावर, खेळणारे खाली मातीत, अशी बसायची रीत होती.

मारुतीपुढं सात सुपाऱ्या ठेवायच्या. ज्याच्या हाती सुपारी पडली तो गावाचा गडी. वाटायचा मान कोंडाजीचा, कारण तो जुना कप्तान. आणि पहिली सुपारी गेणबाची. अठरा वर्षं झाली, तिच्यावर चर्चा होत नसे. गाव भांडायचं ते उरलेल्या सहांवर.

यंदाही कोंडाजीनं काही न बोलता पहिली सुपारी गेणबाच्या हातात ठेवली. गेणबानं मूठ मिटली. उजवा पाय त्यानं लांब सोडला होता. गुडघा दुमडत नव्हता.

पुढच्या पाच पटापट वाटल्या गेल्या. सातवीवर गाडं अडलं.

"जयसिंगला द्या," हैबतराव म्हणाले. "अंग बघा त्याचं. नुसता आडवा पडला तरी दोगं दबतील."

"आडवाच पडतोय त्यो," कोंडाजी म्हणाला. "दम कुटाय त्याला? कान्हूला घ्या. मोळी घेऊन डोंगर चढतोय, तरी श्वास हालत न्हाई."

कान्हू वरल्या वाडीचा. मोळी उतरवून तो खेळणाऱ्यांपासूनही हातभर लांब बसला होता.

"वरल्या वाडीचा गडी गावाकडनं कवा खेळलाय?" हैबतराव म्हणाले. "आन गेल्या साली आपन दमानं हारलो व्हय? पंचानं घात केला."

"माती बी लई भुसभुशीत हुती," मागून एक जण बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेणबा खाली बघत राहिला. गेल्या साली महाळुंग्याच्या सामन्यात, शेवटच्या चढाईत, गड्यांनी मनगटं धरून केलेली साखळी तुटली ती त्याच्या गुडघ्यापायी. साऱ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. तरी वर्षभर गावानं पंचाला शिव्या घातल्या, मातीला नावं ठेवली, पण गेणबाचं नाव एकानंही काढलं नाही. हरल्यापेक्षा ही माया त्याला जास्त लागली होती.

त्याला पहिलं साल आठवलं. मिसरूड नुकतं फुटलेलं. कोंडाजीनं त्याचं मनगट धरलं होतं आणि एवढंच म्हणाला होता, "मी सोडत न्हाई, तू बी सोडू नगंस." पुढं दहा वर्षं त्या दोघांची साखळी कुणाला तोडता आली नाही. काय दिवस होते ते.

वर पारावर शेवटी अंगानं दमाला मात दिली. सातवी सुपारी जयसिंगला गेली. लोक उठायला लागले.

गेणबा मातीला हात टेकून उभा राहिला. लंगडत कान्हूपाशी गेला आणि आपली सुपारी त्याच्या हातात ठेवून त्याची मूठ मिटली.

"हे काय, गेणबा," हैबतराव म्हणाले. "आसं कसं चालंल? बसून बोलाय पायजे ह्याच्यावर."

"ही पहिली सुपारी हाय, हैबतराव," गेणबा म्हणाला. "हिच्यावर बोलायची रीत न्हाई."

कान्हू मुठीकडं बघत होता. कोंडाजी पारावरनं खाली वाकला.

"आन तू रं?" त्यानं विचारलं.

"सरक जरा, दादा. पुढल्या साली भांडाय मला बी वर जागा पायजे."

कोंडाजी सरकला. पारावर चढायला त्यानं हात खाली दिला. गेणबानं तो हात धरला नाही; जुन्या सवयीनं मनगट धरलं.