माल लटकून राहिला

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एक ठिपका थरथरत होता. सोन्याचा कण, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. आम्रपालीनं तो लेझरच्या उजेडात धरला होता. सकाळपासून दोनदा निसटला होता. रायपूरहून आलेल्या परीक्षकांची अट साधी होती : चहा येईपर्यंत धरून दाखव. नाही तर डॉक्टरेट पुढच्या वर्षी.

"हे हलून कावून राहिलं?" तिच्या बाबांनी, देवाजीनं, विचारलं. पोरीची परीक्षा म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "दोर ढिला आहे का?"

"दोर नाही बाबा. उजेडानं धरलंय."

देवाजीनं वर ट्यूबलाइटकडं पाहिलं. त्या ट्यूबनं काही धरलेलं दिसत नव्हतं.

त्याची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात क्रेनखाली गेली होती. वर क्रेनवाला, खाली देवाजी, हातानं खुणा करणारा. त्यानं पुन्हा ठिपक्याकडं पाहिलं, मग टेबलावर कोपर टेकून उभ्या परीक्षकांकडं.

"साहेब, बाजूले व्हा. माल लटकून राहिला."

"अहो भाऊ, त्याला वजनच नाही म्हटलं तरी चालेल."

"वजन नाही तं उचलून कावून राहिली ते?"

परीक्षक टेबलावरचं कोपर काढून भिंतीला जाऊन टेकले. देवाजीनं दोन्ही हात आडवे पसरले. म्हणजे थांब, आहे तसं धर. आम्रपालीनं लहानपणापासून ही खूण पाहिली होती. तिनं बटणावरची बोटं हलवली नाहीत. ठिपका थरथरत राहिला, पण जागेवर.

चहा देणारी राधाबाई ट्रे घेऊन आली आणि ते पसरलेले हात पाहून उंबऱ्यातच थांबली.

"चहा आला का?" परीक्षकांनी भिंतीला टेकूनच विचारलं.

"दारापर्यंत आला," राधाबाई म्हणाली.

याला आला म्हणायचं का, हे कोणालाच ठरवता येईना. आम्रपालीच्या कपाळावरून घाम ओघळला. शेवटी देवाजीनं एका हाताची दोन बोटं हलवली. म्हणजे ये, पण हळू. राधाबाई भिंतीभिंतीनं आली. परीक्षकांनी कप घेतला, घोट घेतला.

"झालं. पास."

आम्रपालीनं लेझर बंद केला. ठिपका गेला. देवाजीचे हात तसेच.

"भाऊ, एक विचारू?" परीक्षक हळूच म्हणाले. "धरून कोण होतं? ती, उजेड का तुम्ही?"

"हे तं आमच्या क्रेनवाल्यालेही मालूम नव्हतं," देवाजी म्हणाला, आणि हात खाली करण्याआधी त्यानं वाकून टेबलाखाली कोणी उभं नाही ना, ते पाहून घेतलं.