साडूचं धरण

ओंजळीतलं पाणी गढूळ होतं. इंजिनिअरनं ते पुन्हा एकदा उन्हात धरून पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला, की कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्यानं इकडेतिकडे नजर टाकली.

उभी हयात धरणखात्यात गेली होती त्याची. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपणारच, ते कुणी मनावर घेत नाही. गढूळ झिरपलं, तर मात्र पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय, धरण आतून पोखरलं जातंय, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. शिवाय भिंतीवर वाढलेली झाडं, त्यांच्या मुळाशी घुशींची बिळं, आणि जादा पाणी वाहून जावं म्हणून ठेवलेल्या सांडव्यात ओळीनं फुलांच्या कुंड्या. कुंड्या मेव्हणीच्या होत्या. रंगसंगती उत्तम होती.

धरण साडूचं होतं. सरकारचं नाही, नगरपालिकेचं नाही, साडूचं. बाथरूमच्या फरश्या विकून माणसानं स्वतःचं तळं करावं, त्यात होड्या सोडाव्यात, काठावर बंगला बांधावा आणि दर रविवारी नातेवाइकांना बोलावून ते सगळं दाखवावं! आणि ज्यानं जन्मभर धरणं बांधली, त्यानं सासऱ्यांनी लेकीच्या नावावर केलेल्या घरात, समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं बघत चहा प्यावा! परतीच्या वाटेवर बायको गाडीत न चुकता म्हणायची, "धाकटीकडे पाणी काय छान आहे नाही?" इंजिनिअर गिअर बदलायचा. बदलायची गरज नसली तरी.

"काय म्हणतंय आमचं धरण, साहेब?" साडूनं वरून हाक दिली. पांढरे बूट घालून तो भिंतीच्या माथ्यावर उभा होता.

"खाली येताय का? दाखवतो."

"नको हो. मला त्यातलं काय कळतंय? आमची अक्कल न्हाणीघरापुरती."

इंजिनिअरनं हात झटकले. खाली साडूचं बॅडमिंटनचं मैदान होतं, होड्यांची शेड होती, आणि पुढं नदीपर्यंत ओसाड माळ. भिंत गेली तर कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. हे त्यानं आधी नीट पाहून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता.

टेबलावर चहा आला तेव्हा त्यानं निकाल सांगितला. "ठणठणीत आहे."

"असं तोंडातल्या तोंडात नको," साडू म्हणाला. "सगळ्यांसमोर नीट सांगा. तज्ज्ञाचं मत आहे."

"तुमच्या नातवंडांनाही हात लावावा लागणार नाही. मी तर इथं डोळे मिटून राहीन."

बायकोचा कप ओठांशी थांबला. "खरंच राहाल?"

"न राहायला काय झालं?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. गाडीत बायकोनं पुन्हा विचारलं, "अहो, नक्की ना? मस्करीत नाही ना बोललात?"

"धरणाच्या बाबतीत मी मस्करी करत नाही."

ती चक्क गुणगुणायला लागली. साडूचं धरण ठणठणीत निघालं म्हणून हिला एवढं सुख! इंजिनिअरनं गिअर बदलला.

त्यानंतर तो वाट बघू लागला. पावसाची सर आली की त्याला बरं वाटायचं. "धाकटीचा फोन?" असं तो पेपरमधून डोकं न काढता विचारायचा. बायको हल्ली सारखी धाकटीकडेच जात होती. एकदा राहायलाच गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साडू होता.

"साहेब, असाल तसे निघा. ताईही इथंच आहेत. फोनवर नको, येऊन बघा."

इंजिनिअरनं इस्त्रीचा शर्ट घातला. आरशासमोर "अरेरे" म्हणून पाहिलं. पहिल्यांदा म्हणताना हसू आलं, नंतर जमलं.

बंगल्याच्या दारात ट्रक उभा होता. आतून पलंग निघत होते, सोफा निघत होता. घर सोडून पळतायत! कोपरा ओलांडून त्यानं तळं पाहिलं. काठोकाठ भरलेलं. शांत. होड्या जागच्या जागी.

म्हणजे भिंत अजून उभी होती. पण भीती तर बसली!

"अरेरे," तो साडूला म्हणाला. चांगलं जमलं.

तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत बायको पायऱ्या उतरली. "अहो, झालं! काल नोंदणी झाली. आपलं घर धाकटीला, हे सगळं आपल्याला. घराला घर. मुद्दामच बोलले नाही, म्हटलं एकदम दाखवू."

"मला न विचारता?"

"विचारलं की! धाकटी कधीची मागं लागली होती, ह्यांना आता दुकानाजवळ राहायचंय म्हणून. मीच म्हटलं, आधी आमच्या घरच्यांना धरण बघू दे. तुम्ही डोळे मिटून राहीन म्हणालात. मग मी कशाला थांबते?"

इंजिनिअरनं भिंतीच्या पायथ्याकडं पाहिलं. आता ते गढूळ पाणी कुणाला दाखवणार? तज्ज्ञ तोच होता.

पलंग ट्रकमध्ये चढला. मेव्हणी कुंड्यांना शेवटचं पाणी घालायला गेली. "तुमच्यासाठीच ठेवतेय हो, भाऊजी," ती जाता जाता म्हणाली.

"एवढं सोन्यासारखं तळं," तो कसाबसा साडूला म्हणाला, "सोडवलं कसं तुम्हाला?"

साडूनं अगदी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय करणार, साहेब! तुमच्याआधी तीन इंजिनिअर येऊन बघून गेले. त्यातला एकही तुमच्यासारखं बोलायला तयार होईना."