घट्ट झाकण

मुंबईहून आणलेले प्लास्टिकचे डबे घरातच मांडून विकायचे ठरले, तेव्हा आवडाबाई सुनेला, राहीला म्हणाली, "डबे बघायला या म्हटलं तर कोण नाय फिरकायची. नातवाच्या बारशाला या म्हणून सांग. आणि गोदाला पयलं सांग, घोव मस्कतला कमावतो तिचा."

मूलबाळ नसलेल्या गोदाला आळीत कुणी बारशाला बोलावीत नसे. राहीचं आमंत्रण ऐकून तिचे डोळे भरून आले. लग्नातल्या शालूचा पदर कापून तिने बाळासाठी कुंची शिवली.

बारशाला ती सगळ्यांच्या आधी आली. पाळणा अबोलीच्या वळेसरांनी सजला होता, पण रिकामा.

"काकी, बाळ कुठाय?"

"आत ठेवलंय गो. तुझी दृष्ट लागायची उगाच. तू डबे घेऊन गेलीस की आणू बाहेर. हे झाकण बघ, वारासुद्धा आत जायचा नाय."

दाराआड बाळाला घेऊन उभ्या असलेल्या राहीला सासूची शिसारी आली.

गोदाने एक डबा उचलला. त्यात कुंची ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि डबा आवडाबाईच्या हातात दिला.

"बाळाला खुशाल घाला, काकी. माझी दृष्ट आत जायची नाय."